दोर कशाचा होता?

माजी सैनिकांच्या आठवणी टिपून घेताना मी शौर्याबद्दल विचारत नाही. ‘‘भीती नाही वाटली?’’ असं विचारलं की सुभेदारसाहेब ताठ बसतात आणि विजय दिवसाच्या व्यासपीठावर इतकी वर्षं दिलेलंच उत्तर देतात. ते खोटं नसतं, पण सांगून सांगून गुळगुळीत झालेलं असतं. मी कामाचं विचारते. खंदक खणताना माती कशी लागली? पाणी कोण आणायचं? वायरलेसचा सेट कुठल्या खांद्यावर? मग बोलता बोलता हात हलू लागतात आणि त्यांच्या मागोमाग 1971चा डिसेंबर येतो.

राम राघोबा राणे यांची हकिकत घ्या. बॉम्बे सॅपर्सचे हे सेकंड लेफ्टनंट. पलटणीचं केंद्र आपल्या खडकीत. 8 ते 11 एप्रिल 1948 या दिवसांत नौशेरा–राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान पडले, ते स्वतः जखमी झाले, तरी काम थांबलं नाही. परमवीर चक्र मिळालं. सुरुंगांतून जाताना ते पुढच्या रणगाड्याखाली शिरून सरपटत राहिले आणि दोर ओढून चालकाला इशारे देत गेले, असं सांगतात. पुस्तकांत हे दोन ओळींत संपतं. मला तिथंच थांबावंसं वाटतं. दोर कशाचा होता? एक हिसका म्हणजे थांब, की चल? आधी कुठं बसून ठरवलं होतं? राणे 1994 साली पुण्यातच वारले. आता कुणाला विचारायचं?

1971मध्ये विशीत असलेले जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. घोरपडीचं युद्धस्मारक पुणेकरांनी वर्गणी काढून उभारलं, याचा मला फार अभिमान आहे. त्याच पुणेकरांनी शेजारच्या फौजी काकांसाठी एक दुपार काढावी, असं मनापासून वाटतं. काकूंनाही बोलावून घ्यावं. पत्रं कधी थांबली, ते त्यांनाच ठाऊक असतं.

एकाच तुकडीतले दोघं कधी वेगळं सांगतात. एकाचा हल्ला पहाटे, दुसऱ्याचा अंधार पडल्यावर. मी मध्येच दुरुस्त करत नाही. दोन्ही लिहून ठेवते, पडताळा नंतर बघते.

पण एक जागा अशी येते की माणूस गप्प होतो. परत न आलेल्या सोबत्याचं नाव निघालेलं असतं. घाई न करता थांबावं, आणि मग तो कसा मेला हे न विचारता तो कसा होता ते विचारावं. गाव कुठलं, पत्त्यांत हरला की चिडायचा का, सुट्टीचे बेत काय होते. हे सगळं मी त्याच्या नावानं वेगळ्या वहीत उतरवते. सांगणाऱ्यानं परवानगी दिली, तर त्याची प्रत त्या गावी, त्याच्या घरच्यांना पाठवते.