हिरडा, रापी आणि पाऊल

पुणे जिल्ह्यात आहुपे, हातवीज, घाटघर या बाजूला उन्हाळा लागला की बायाबापड्यांच्या पाट्या हिरड्याने भरतात. कोवळा बाळहिरडा औषधवाले नेतात, त्याचं कौतुक सगळ्यांना. झाडावरच पिकलेल्या हिरड्याची एक वाट चामड्याच्या हौदाकडे जाते, हे फारसं कुणी बोलत नाही.

कातडं आधी चुन्यात, केस सुटेपर्यंत. मग बाभळीची साल आणि हिरडा. सालीने तांबूस रंग चढतो, हिरडा तो उजळवतो. ढोर समाजाचे जुने कारागीर कातड्याची पिशवीच शिवायचे, आत हे तुरट पाणी भरून टांगायचे. झिरपलेलं पाणी पुन्हा आत ओतायचे. त्या वासाची वाखाणणी कुणी केली नाही. वस्ती गावाबाहेर ठेवायला मात्र तो पुरला.

पुढचं काम चांभाराचं. खळ्यावरचं धान्य घ्यायचं, बदल्यात वर्षाचे जोडे आणि मोटेची डागडुजी. इंजिन आलं, मोट विहिरीबाहेर निघाली ती कायमची, आणि बलुतंही तिच्यामागोमाग गेलं. उरली रापी, आरी, मेणवलेला दोरा. कागदावर पाऊल ठेवायचं, भोवती पेन्सिल फिरायची. पण खरं माप बोटं घ्यायची. डावा पाय उजव्याहून रुंद, अंगठ्याशी हाड आलेलं, टाचेला भेगा. ढेकळांतून चालणाऱ्याला तळ जाड हवा, मंचरच्या बाजाराला जाणाऱ्याला दिसायला बरा. नवा जोडा चावला तर तेल चोळायचं, तरी लागला तर पुन्हा त्याच्याच पुढ्यात. दुकानातला आठ नंबर असं काही ऐकून घेत नाही.

तरी या कारागिरीचे गोडवे गाताना माझी जीभ अडखळते. ज्याने गावाचे पाय सांभाळले त्याला अंगणाच्या कडेला बसवणारी गावं हीच. त्याच्या मुलाने रापी ठेवून मास्तरकी धरली, तर हळहळ कसली करायची?

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी. पुणे त्यांत नाही, आणि ते बरोबरच आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानला तसल्याच चपला दाखवल्या. ओरड झाल्यावर मूळ कुठलं ते कबूल केलं. श्रेयाच्या त्या भांडणात चपलेचा आकार होता, वेणी होती, पट्टा होता. हिरड्याची आठवण कुणाला झाली असेल असं वाटत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात जुन्नर-आंबेगावात हिरड्याची झाडं मोडली, तेव्हा भरपाईसाठी इथल्या आदिवासींना कित्येक वर्षं झगडावं लागलं.