कर्णाचें माप आणि पडद्याचा आकार

भूमितीच्या तासाला काटकोन त्रिकोणाचा सिद्धान्त शिकवितांना दरवर्षीं एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतोच, "सर, ह्याचा व्यवहारांत उपयोग काय?" पूर्वीं मी भिंतीला टेकविलेल्या शिडीचें उदाहरण देत असें. हल्लीं मी शाळेच्या संगणक-कक्षाकडे बोट दाखवितों. ज्या पडद्यांसमोर आमचे विद्यार्थी बसतात, त्यांचें सारें माप ह्याच सिद्धान्तावर उभें आहे. आणि तो ज्यास व्यवहारांत लावतां येत नाहीं, त्याचे कष्टाचे पैसे दुकानांत वायां जाण्याचा संभव असतो.

संगणकाच्या पडद्याचें, म्हणजे ज्यास आपण मॉनिटर म्हणतों त्याचें, माप इंचांत सांगतात. पण हे इंच रुंदीचेही नव्हेत व उंचीचेही नव्हेत. ते कर्णाचे होत. पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत सूत ताणलें असतां जी लांबी येते ती ही. ह्या चालीचें मूळ जुन्या दूरचित्रवाणी-संचाच्या कांचेच्या नळींत आहे. आरंभीं त्या नळीचें तोंड वाटोळें असे व तिचा व्यास सांगितला कीं माप कळे. वर्तुळांत बसविलेल्या काटकोन चौकोनाचा कर्ण म्हणजे त्या वर्तुळाचा व्यासच. म्हणून पुढें नळीचें तोंड चौकोनी झालें तरी कर्ण सांगण्याची चाल तशीच राहिली.

जोंवर सर्व पडदे एकाच घाटाचे होते तोंवर ह्या चालीनें कोणाचें नुकसान झालें नाहीं. एडिसन यांच्या प्रयोगशाळेंत विल्यम डिक्सन यांनीं १८९० च्या दशकाच्या आरंभीं ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर सुमारें एक इंच रुंद व पाऊण इंच उंच चित्र घेण्याची पद्धत पाडली. तेंच ४:३ हें प्रमाण चित्रपटांतून दूरचित्रवाणींत व तेथून संगणकांत आलें. ३, ४ व ५ ह्या बाजूंचा त्रिकोण विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहेच; त्यामुळें २० इंची पडदा १६ इंच रुंद व १२ इंच उंच, हें तोंडीं सांगतां येई.

१९५३ सालीं 'द रोब' ह्या चित्रपटाबरोबर सिनेमास्कोपचा अतिरुंद पडदा आला. पुढें १९८० च्या दशकांत जुन्या व रुंद अशा दोन्ही चित्रांस सोयीचें म्हणून १६:९ हें प्रमाण सुचविण्यांत आलें व तें दूरचित्रवाणीनें स्वीकारलें. मॉनिटर कांहीं वर्षें १६:१० ह्या प्रमाणाचे निघत. २००८ च्या सुमारास तेही १६:९ कडे वळले. कर्णाचा आंकडा तोच राहिला, मात्र त्यामागचा चौकोन बदलला. १६:९ चा २० इंची पडदा सुमारें १७.४ इंच रुंद व अवघा ९.८ इंच उंच असतो. क्षेत्रफळ पाहूं गेल्यास पहिल्याचें १९२ चौरस इंच, तर दुसऱ्याचें सुमारें १७१. कारण उघड आहे: कर्ण कायम ठेवला असतां सर्वांत अधिक क्षेत्रफळ चौरसाचें असतें, आणि आकृति जसजशी लांबट होते तसतसें तें घटत जातें.

ह्या आंकड्यांचें महत्त्व केवळ फळ्यावरचें नाहीं. आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या मातोश्री शिवणकाम करून घर चालवितात. मुलगी घरींच संगणकावर अर्ज, पत्रिका व पुस्तकांचीं पानें जुळवून देते. तिचा ५:४ प्रमाणाचा १७ इंची पडदा मंद झाला, तेव्हां आईनें साठविलेल्या पैशांतून साडेअठरा इंची नवा आणला. आठवड्याभरांत घरांत रुसवा आला. आई मला म्हणाल्या, "सर, मोठा पडदा आणून दिला, तरी हिला तो लहानच वाटतो. तुम्हीच समजावून सांगा." मी टेप घेऊन गेलों. जुना पडदा १०.६ इंच उंच भरला, नवा जेमतेम ९.१ इंच. क्षेत्रफळ नव्याचेंच किंचित् अधिक होतें. परंतु जुन्यावर १०२४ बिंदुरेषा होत्या, नव्यावर ७६८. म्हणजे बरोबर पाऊणपट. आमचा कागद २९.७ सेंटिमीटर उंच, व मुलीचें काम उभ्या पानाचें. पान सारखें वरखालीं सरकवावें लागल्यानें तिचा वेळ जाई व डोळे शिणत. आईचें म्हणणें खरें होतें, मुलीचेंही खरें होतें. हे आंकडे कागदावर मांडून दाखवितांच आई मुलीकडे वळून एवढेंच म्हणाल्या, "मला वाटलें, तुला माझ्या पैशांची किंमत नाहीं." जुना पडदा दुरुस्त होऊन पानांच्या कामास लागला, नव्यावर आतां हिशेबाचे रुंद तक्ते होतात.

यावरून रुंद पडदा वाईट असें कोणीं समजूं नये. शेजारीं शेजारीं दोन पानें पाहणें, अनेक रकान्यांचा हिशेब लिहिणें, चित्रपट पाहणें, ह्यांस तो उत्तमच. प्रश्न एवढाच, कीं आपलें काम कोणतें? पालकांनीं खरेदीपूर्वीं पुढील सोपें गणित करावें. कर्णाच्या इंचांस ४:३ असल्यास ०.६०, ५:४ असल्यास ०.६२, १६:१० असल्यास ०.५३, १६:९ असल्यास ०.४९ व २१:९ असल्यास ०.३९ ह्यांनीं गुणावें. पडद्याची उंची निघेल. ह्या रीतीनें पाहतां २१:९ चा ३४ इंची पडदा व १६:९ चा २७ इंची पडदा हे उंचीस जवळजवळ सारखेच ठरतात. ४:३ च्या २० इंची पडद्याएवढी उंची १६:९ मध्यें हवी असल्यास सुमारें साडेचोवीस इंची पडदा घ्यावा लागेल. कांहीं पडदे बैठकीवर फिरवून उभे करितां येतात. वाचन-लेखनाचें काम असलेल्यांनीं ह्याचीही चौकशी अवश्य करावी.

विद्यार्थिमित्रांनो, घरांत अशी खरेदी निघेल तेव्हां आईवडिलांबरोबर तुम्हीही जा, आणि खिशांत टेप असूं द्या. दुकानदार आंकडा सांगेल तो बहुधा खोटा नसतो; पण तो कशाचा आंकडा आहे हें विचारण्याचें काम आपलें आहे. तुमच्यासाठीं पैसा जोडणाऱ्यांच्या श्रमांचें चीज व्हावें, ह्याहून त्या सिद्धान्ताचा अधिक चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाहीं.