पत्रकात नसलेली सोय

जिल्हा परिषदेच्या शाळेत टीव्ही येतो तो बहुतेक वेळा लोकवर्गणीतून. २०१५मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाल्यावर गावोगावच्या लोकांनी पदरमोड करून शाळांना टीव्ही, प्रोजेक्टर घेऊन दिले. माझी शाळा घाटंजी तालुक्यातल्या, कोरडवाहू कापसाच्या गावात. कापूस विकल्यावर घरोघरून पैसे जमले आणि ४३ इंची टीव्ही आला. मागच्या रांगेतल्या मुलालाही दिसावं म्हणून पडदा मोठा घेतला. त्या पैशात नावाजलेली कंपनी बसली नाही. गावाच्या या ठेव्याशी मी कसा वागलो, ते लिहितो आहे.

खोक्यावर एचडीएमआय आणि यूएसबी एवढंच छापलेलं. आतल्या एकपानी पत्रकातही वाय-फाय, ब्लूटूथचं नाव नाही. तेव्हा यात वायरलेस काही नाही, असं मी धरून चाललो. दुसरा समज त्याहून महागात पडला: फोनवरचं चित्र वायरीशिवाय टीव्हीवर न्यायला इंटरनेट लागतंच, आणि आमच्या वर्गात तर रेंजच नसते. उरलेल्या वर्गणीतून मी लांब केबल आणि फोनला लावायचं ॲडॉप्टर आणलं. ते चाललंच नाही. सगळ्याच फोनांच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येत नाही, हे दुकानात विचारायला हवं होतं. तो खर्च आजही कीर्दीत माझ्या सहीनं आहे.

सोय सापडली ती चौथीतल्या एका मुलीला. रिमोटचं सोर्स बटण ती दाबत राहिली आणि यादीच्या तळाशी ‘स्क्रीन शेअरिंग’ आलं. मी फोनमधलं ‘कास्ट’ उघडलं, तर टीव्हीचं नाव तिथं हजर! ही मिराकास्टची सोय. वाय-फाय अलायन्सनं ती २०१२मध्ये आणली. तिच्यात फोन आणि टीव्ही वाय-फाय डायरेक्टनं थेट एकमेकांशी जोडले जातात. राउटर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. रेंज नसलेल्या शाळेला याहून सोयीचं काय असणार? स्वस्त टीव्हींमध्ये एकच मदरबोर्ड अनेक कंपन्यांच्या मॉडेलांत बसवला जातो. बोर्डावर वाय-फाय असतं, सॉफ्टवेअरमध्येही असतं, पण पत्रक दुसऱ्याच कुठल्या मॉडेलवरून उतरवलेलं असू शकतं.

इथं थांबायला हवं होतं. पण पत्रकात नसलेलं एक निघालं म्हणजे ब्लूटूथही असेल, स्पीकर जोडता येईल, या लोभानं मी कंपनीचा आतला मेनू उघडला. सोर्स दाबून चार आकडे दाबले की तो उघडतो, असं एका व्हिडिओत पाहिलं होतं. ब्लूटूथ तिथं होतं, सुरूही झालं. त्या भरात पुढची ओळ बदलली आणि रंग पार उलटे झाले, माणसांचे चेहरे निळे दिसू लागले. मूळ आकडे मी कुठंच टिपून ठेवले नव्हते. टीव्ही गाडीत घालून यवतमाळला न्यावा लागला. दुरुस्तीवाल्यानं बघताक्षणी ओळखलं: “सर, पॅनलचं मॅपिंग बदललं तुम्ही. याले काऊन हात लावला?” दुरुस्तीचे पैसे मी माझ्या खिशातून दिले.

सगळ्यात मोठी चूक मात्र टीव्ही नीट चालू लागल्यावर झाली. दीक्षा ॲपवरचा पाठ मी माझ्या रोजच्या फोनवरून दाखवत होतो. मिराकास्ट फोनचा अख्खा पडदा पाठवतं, त्यात वरून येणारे निरोपही आले, हे ठाऊक असून मी मनावर घेतलं नाही. एकदा शाळेच्या ओट्यावरून, जिथं थोडी रेंज येते, फोन घेऊन आत आलो आणि पाठ सुरू असतानाच अडकलेला निरोप पडद्यावर उतरला. एका आईचा होता. बँकेचे लोक घरी येऊन गेले, सहलीचे पैसे जमणार नाहीत, पोराले सांगू नका. या वयाची मुलं समोर दिसेल ते मोठ्यानं वाचतात. दोघातिघांनी वाचलं. वर नाव होतं आणि तो मुलगा तिसऱ्या रांगेत बसला होता.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि झालं ते सांगितलं. त्या माउलीनं मला काही बोल लावला नाही. मुलगा पुढचे काही दिवस शाळेत आला नाही. कर्जाची गोष्ट यवतमाळ जिल्ह्यात घराबाहेर जाणं म्हणजे काय, हे मला इथं जन्मून कळायला हवं होतं.

आता शाळेत सिम नसलेला जुना फोन आहे. पाठ आधी घरी त्यात उतरवून घेतो. मिराकास्टला इंटरनेट लागत नाही, म्हणून तेवढ्यावर भागतं. तास संपला की टीव्हीवरचं शेअरिंग बंद करतो, कारण आमचा टीव्ही कोड विचारत नाही, शेजारच्या घरातला फोनही त्याला जोडता येतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी हे सगळं मांडलं. आमच्यासारखेच टीव्ही आणखी काही शाळांत निघाले, आणि तिथल्या शिक्षकांनीही सोर्सच्या यादीत तळापर्यंत कधी पाहिलं नव्हतं.