देवनहळ्ळीचा किल्ला आणि एक वही

बेंगळुरूच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवरचे देवनहळ्ळी हे टिपू सुलतानचे जन्मगाव. १५०१ मध्ये इथे मातीचा किल्ला उभा राहिला. हैदर अलीच्या काळात त्याला दगडी तट आला आणि १७९१ मध्ये तो कॉर्नवॉलिसच्या हाती गेला. अर्धगोल बुरुजांच्या आत आज वस्ती आहे, वेणुगोपालस्वामींचे देऊळ आहे.

मुलांना घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांना ही सहल दुहेरी उपयोगाची. इतिहासाचा धडा होतो, शिवाय व्यायामाचा तासही! शाळेत पी. टी.चे सर मुलांचा दम पाहतात. घरी ते काम आई-वडिलांचेच. साधी वही पुरते. महिन्यातून एकदा, सकाळच्या गारव्यात, किल्ल्यातल्या ठरावीक वाटेने मुलांना भरभर चालू द्यावे. लागलेला वेळ लिहावा. थांबताच मिनिटभर नाडी मोजून तेही टिपावे. तेवढ्याच वेळात तेच अंतर कापूनही ठोके हळूहळू कमी भरू लागले, तर दम वाढतो आहे असे समजावे. पडक्या तटावर मात्र धावू देऊ नये.

नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी 'खेलो इंडिया'च्या चाचणीत ६०० मीटर धावणे आहे. ते मैदानावर घ्यावे. तुलना शेजारच्या मुलाशी नको, वहीतल्या मागच्या पानाशी करावी. थोड्या चालीनेही धाप लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. वहीचा खरा उपयोग तोच: दुखणे वेळेवर कळते.