सात जणांचे पाणी

प्रवासवर्णन लिहिणारा माणूस निदान घराबाहेर पडलेला असावा, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. पण ज्या मुलखाची हकीकत मी सांगणार आहे, तिथे जाताना मी पायांत चपलासुद्धा घातल्या नव्हत्या. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, तेव्हा बँकेतली चौतीस वर्षांची नोकरी संपवून मी नुकताच मोकळा झालो होतो. हिमालय पाहायचा म्हणून काढलेली तिकिटे रद्द झाली होती आणि पुण्यातल्या दोन खोल्यांत माझ्या येरझाऱ्या सुरू होत्या. आमच्याकडेच अडकून पडलेल्या पुतण्याला त्याचा कंटाळा आला असावा. एके संध्याकाळी तो म्हणाला, "काका, तुम्हाला हिंडायचंच आहे ना? मग इथे हिंडा." आणि त्याने मला संगणकापुढे बसवले.

त्या मुलखाचे नाव अझेरॉथ. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ ब्लिझार्ड कंपनीने २००४ च्या नोव्हेंबरात काढला आणि त्याचे जुने रूप २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा खुले केले. मी गेलो तो या जुन्या मुलखात. हजारो माणसे आपापल्या घरी बसून एकाच वेळी तिथे वावरतात. रस्त्यात भेटतात, बाजार करतात, भांडतात. दर महिन्याला वर्गणी भरावी लागते. आमच्या हिने ती ऐकून "नसलेल्या गावाचं भाडं" असे तिचे नामकरण केले.

नसलेले गाव म्हणावे, तर मला त्याची वाट आजही तोंडपाठ आहे. एल्विनच्या दाट रानातून, गोल्डशायरच्या खाणावळीवरून पुढे गेले की स्टॉर्मविंड शहराचा पांढरा वेशीदरवाजा लागतो. आत कालवे आहेत, त्यांवर दगडी पूल आहेत. तिथून एक भुयारी गाडी उत्तरेला बुटक्यांच्या राजधानीला, आयर्नफोर्जला जाते. वाटेत काचेच्या बोगद्यातून समुद्राचा तळ दिसतो. आयर्नफोर्ज तर अख्खे डोंगराच्या पोटात कोरलेले आहे आणि मधोमध वितळलेल्या धातूची प्रचंड भट्टी धगधगत असते. पहिल्यांदा मी तिच्याकडे इतका वेळ बघत उभा राहिलो की पुतण्या म्हणाला, "काका, हलवा की! यंत्र बिघडलं असं वाटतंय."

या गावांना इतिहासही आहे. २००५ च्या सप्टेंबरात झुल'गुरुब नावाच्या देवळातला एका राक्षसाचा रक्तरोग खेळाडूंच्या पाळीव जनावरांबरोबर बाहेर पडला आणि भरल्या शहरांतून पसरला. कंपनीने विलगीकरण करून पाहिले, पण लोक ऐकेनात. अखेर खेळच नव्याने सुरू करून ती साथ संपवावी लागली. साथीच्या वेळी माणसे कशी वागतात, याचा नमुना म्हणून २००७ साली 'द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस' या वैद्यकीय नियतकालिकात तिच्यावर लेख आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तेव्हा बांबू आडवे बांधलेले होते. मला ती हकीकत फार लांबची वाटली नाही.

एकट्याने हिंडायला हा मुलूख छान आहे. पण त्यातल्या खऱ्या अवघड जागा एकट्याला बंद असतात. त्यासाठी संघ लागतो. तिथे त्याला गिल्ड म्हणतात. आपण मंडळ म्हणू. स्टॉर्मविंडच्या कचेरीत चांदीची दहा नाणी भरून सनद विकत घ्यायची आणि तिच्यावर आणखी नऊ जणांच्या सह्या मिळवायच्या. दहा सोन्याच्या नाण्यांत मंडळाचे बोधचिन्हही मिळते. मी तीन संध्याकाळी पुलावर उभा राहून सह्या गोळा केल्या. काहींनी आधी बक्षिसी मागितली, काही सही करून दुसऱ्याच दिवशी पसार झाले. ज्यांना मी आधी रानात लांडग्यांपासून सोडवले होते, तेवढे टिकले. सभासद कसे मिळवावेत हे मला तिथेच कळले. माणसाच्या उपयोगी पडावे आणि मग नाव विचारावे.

आमचे खेळाचे केंद्र ऑस्ट्रेलियाकडचे. दर शनिवारी पुण्यात दुपारचे ३ वाजत, तेव्हा पर्थमध्ये ५:३०, सिडनीत ७:३० आणि न्यूझीलंडात रात्रीचे ९:३० झालेले असत. कोणाची मुले झोपायची असत, कोणाची रात्रपाळी असे, आणि माझा चहा व्हायचा असे. ऑगस्टपर्यंत आमची चाळीस माणसे जमली आणि आम्ही आगीच्या डोंगरात उतरलो.

हा ब्लॅकरॉकचा डोंगर म्हणजे त्या मुलखातले भयंकर तीर्थक्षेत्रच. आत तप्त रसाचे कुंड आणि त्यावर अजस्र साखळ्यांनी तोललेला एक कातळ. त्याच्याही खाली 'मोल्टन कोअर', आणि तिथे राग्नारोस हा अग्नीचा स्वामी. ढालकऱ्यांनी पुढे उभे राहायचे, वैद्यांनी मागे राहून त्यांचे प्राण सांभाळायचे, बाकीच्यांनी मारा करायचा. वाटेतला बॅरन गेडन चाळिसांतल्या एकाच्या अंगावर बाँब लावून देतो. तो ज्याच्या वाट्याला येईल, त्याने आपणहून सर्वांपासून दूर पळायचे असते. घाबरून गर्दीत शिरला तर दहा-बाराजण त्याच्याबरोबर जातात.

राग्नारोसच्या आधी त्याचा कारभारी. तो असा सहज भेटत नाही. निरनिराळ्या राक्षसांच्या जागी जळणाऱ्या सात खुणा आहेत. त्या साती विझल्या तरच कारभारी प्रकट होतो. त्या साध्या पाण्याने विझत नाहीत. अझशारा नावाच्या, बारमाही पानगळीच्या तांबड्या रानाने भरलेल्या किनाऱ्यापलीकडे, पार पूर्वेला एक बेट आहे. तिथल्या जलाधिपतीची मर्जी संपादन केली की तो एकेकाला एका खुणेपुरते पाणी देतो. ते वापरले की संपले. पुढच्या आठवड्यासाठी पुन्हा जायचे. म्हणजे दर शनिवारी सात माणसे पाणी घेऊन हजर पाहिजेत.

हे खाते आमच्या एका बुटक्या पुरोहिताकडे होते. गुडघ्यापर्यंत दाढी, हातात साधी काठी, बोलणे मोजके. दर बुधवारी तो सातही जणांना टपाल पाठवी, शुक्रवारी पुन्हा आठवण करी, आणि ज्याला वाट सापडत नसे त्याला स्वतः पोहत बेटापर्यंत नेई. पहिल्यांदा आम्ही आवाजाने बोललो, तेव्हा त्या दाढीतून एका आजीबाईंचा आवाज आला. न्यूझीलंडातल्या कुठल्याशा लहान गावी राहत, नातवंडांना निजवून खेळायला बसत. त्या दिवसापासून सगळे मंडळ त्यांना आजी म्हणू लागले. शब्द मीच शिकवला होता.

लुटीच्या वाटणीसाठी आम्ही गुणांची वही ठेवली होती. ही पद्धत जुनी, १९९९ सालच्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळातल्या संघांनी पाडलेली. हजेरीचे आणि कामाचे गुण मिळतात. वस्तू घेतली की तितके वजा. वही अर्थातच माझ्याकडे होती. चौतीस वर्षे दुसरे काय केले होते!

पहिल्यांदा कारभारी हरला, तेव्हा त्याच्या पेटीतून पुरोहितांचा दिव्य नेत्र निघाला. त्यापासून पुढे त्यांची सर्वांत मानाची काठी तयार होते. मंडळात तो हवा असणारे दोघेच. आजींचे गुण २१२. दुसरा एक तरुण, तीन आठवड्यांपूर्वी आलेला, गुण ४५. पण हाताला विलक्षण चपळ. दुसरे एक मोठे मंडळ बोलावत असल्याचे त्याने मला दोनदा सहज म्हणून सांगितले होते. मी वही मिटली आणि नेत्र त्याला दिला. "या खेपेला अध्यक्षांचा अधिकार," असे काहीतरी बोललोही. कोणी हूं की चूं केले नाही. आजी एवढेच म्हणाल्या, "ठीक आहे." त्या दिवशी राग्नारोसने आम्हाला चार वेळा भाजून काढले.

चहा घेऊन आलेल्या हिने विचारले, "हरलात का?"

"हो. पण अर्धे जिंकलो."

"मग अर्धा तरी चेहरा हसरा ठेवा," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी आजी आल्या नाहीत. बुधवारचे टपाल कोणाला गेले नव्हते आणि ते गेले नाही हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. वाटेतले सारे राक्षस आम्ही मारले, पण पाणी चौघांकडेच निघाले. तीन खुणा जळत राहिल्या. कारभारी आलाच नाही. मोकळ्या पडलेल्या त्या गुहेत पस्तीसेक माणसे उभी होती आणि अध्यक्षांचा अधिकार चालेल असे तिथे काही उरले नव्हते.

सही जुळली नाही तर ओळखीच्या माणसाचाही धनादेश मी कधी पुढे जाऊ दिला नव्हता. मग इथे काय झाले? इथे कोणी तपासणीस नव्हता, एवढेच. ही गोष्ट मला त्या रात्री झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी मी आजींना पत्र लिहिले. त्यात कारणे लिहिली होती. ती खोडली आणि चूक तेवढी ठेवली. मग तीच चूक सगळ्या मंडळापुढे बोलून दाखवली. वही सर्वांना केव्हाही पाहता येईल अशी उघडी ठेवली आणि वाटणीचे काम माझ्याकडून काढून तिघांकडे दिले. दिलेला नेत्र परत घेता येत नव्हता, तसे सांगूनही टाकले.

उत्तर चार दिवसांनी आले. "नेत्राचे राहू द्या," आजींनी लिहिले होते. "पण बेटावर दर आठवड्याला कोण जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी समजत होते."

त्या शनिवारी ३ वाजता त्या आल्या, आणि सात जण पाणी घेऊन आले. सातवा मी होतो. त्या आठवड्यात जलाधिपतीकडे मी स्वतः गेलो होतो. तांबडे रान ओलांडले, बराच वेळ पोहलो, वाटेत एकदा मेलोही. संध्याकाळ व्हायच्या आत राग्नारोस पडला. इअरफोनमधून चाळीस घरांतला आरडाओरडा एकदम ऐकू आला. त्यात एक कुत्रे भुंकत होते आणि आजी सगळ्यांना "हळू, मुले निजली आहेत" म्हणून दटावत होत्या.

तो चपळ तरुण महिनाभरात मोठ्या मंडळात गेला, नेत्रासह. आजींना त्यांचा नेत्र ऑक्टोबरात मिळाला. वहीत तेव्हा त्यांच्या नावावर इतके गुण साठले होते की कोणाला विचारायची गरजच पडली नाही.

पुढे टाळेबंदी उठली, माणसे आपापल्या कामांना लागली आणि मंडळही पांगले. हिमालय मी नंतर पाहिला, चांगला वाटला. पण परतीच्या प्रवासात हिने विचारले, "तुमच्या त्या बेटावर इतकी थंडी असते का हो?" तेव्हा मला कबूल करावे लागले की तिथे पाणी पुष्कळ होते, थंडीचे मात्र काही कळले नव्हते.