कांदा काढणी, बाजारचा रविवार आणि राहिलेली मजुरी



आज 50 गुंठ्यांतला उन्हाळ कांदा काढून झाला. नेहमीप्रमाणे आधी शेतातली नोंद. पाणी काढणीच्या 14 दिवस आधी तोडलं होतं. निम्म्या माना पडल्यावर उपटायला सुरुवात केली. पातीसकट 3 दिवस वाफ्यातच सुकवला, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असा पसरून. मग अडीच सेंटिमीटर मान ठेवून कापला. आता 10-12 दिवस सावलीत राहील, मगच चाळीत भरणार. मान बारीक होऊन नीट मिटली नाही तर चाळीत सड लागते, हे तुम्हाला माहीत आहेच.

आज संध्याकाळी बायांची मजुरी वावरातच दिली. ही सवय मला आधीपासून नव्हती. मागच्या वर्षी काय झालं ते आज लिहितो. लिहायला बरं वाटत नाही, पण लिहितो.

आम्ही ख्रिस्ती. अहिल्यानगर जिल्ह्यात अमेरिकन मिशन 1831 साली आलं, तेव्हापासून आमच्याकडच्या बऱ्याच गावांत ख्रिस्ती शेतकरी आणि शेतमजूर आहेत. रविवारची उपासना मी सहसा चुकवत नाही. टाळ-मृदंगावर रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणायला मला लहानपणापासून आवडतं. वर्षातून एकदा सुगीची उपासना असते. त्या दिवशी जो तो शेतातला चांगला माल घेऊन येतो, देवाचे उपकार मानतो, मग त्या मालाचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात.

मागच्या वर्षी ही उपासना ऐन कांदा काढणीत आली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे 3 दिवस 11 बाया कामाला होत्या. 350 रुपये रोज, म्हणजे 11,550 रुपये झाले. आधी विकलेल्या मालाची पट्टी झाली होती, पण व्यापाऱ्याकडून पैसे आले नव्हते. शनिवारी सांगितलं, "सोमवारी देतो." घरात पैसे नव्हते असं नाही. ट्रॅक्टरच्या हप्त्याचे बाजूला ठेवले होते. त्यांना हात लावायचा नव्हता, एवढंच.

रविवारी सकाळी निवडक कांद्याचं क्रेट गाडीला बांधून निघालो. फाट्यावर लिंबाखाली आमच्याच बाया रिकाम्या पिशव्या घेऊन जीपची वाट बघत बसलेल्या. रविवार आमच्याकडे बाजारचा वार. त्यांच्यातल्या वयाने मोठ्या मावशी पुढे आल्या.

"दादा, थोडे तरी जमतील का?"

"सोमवारी नक्की देतो मावशी. आज उपासना आहे."

"बरं. मग तेल-मीठ उधारीवर आणते," म्हणाल्या आणि परत जाऊन बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

लिलावात माझं क्रेट 900 रुपयांना गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, "काय निवडक माल आहे!" तेव्हा मला एकदम आठवलं, हा माल निवडला कोणी? शनिवारी उन्हात बसून मावशींनीच एक एक कांदा हातात घेऊन निवडला होता. त्यांच्या न दिलेल्या मजुरीवर मी देवाला दान देत होतो.

जेवायला थांबलो नाही. घरी आलो, हप्त्याचे पैसे काढले आणि बाजारात गेलो. 9 जणी तिथंच सापडल्या. मावशी किराणा दुकानात वहीवर नाव लिहून घेत होत्या. दोघी घरी निघून गेल्या होत्या, त्यांना घरी जाऊन दिले. हप्ता 9 दिवस उशिरा गेला, दंड बसला. तो माझ्या चुकीचाच होता.

रात्री पवित्र शास्त्रातला लेवीयचा 19 वा अध्याय काढला. लहानपणी संडे स्कूलला वाचलेला. त्यात लिहिलंय की मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नये. कापणी करताना पार कडेपर्यंत कापू नये, सरवा गरिबाला आणि परक्याला सोडावा. वजन-माप खरं असावं. सगळी आपल्या शेतातलीच कामं. मी मात्र देवाला रविवारच्या दोन तासांत बसवून ठेवलं होतं.

तेव्हापासून तीन गोष्टी ठरवल्यात. काढणी लावायच्या आधी मजुरीचे पैसे काढून वेगळ्या पाकिटात ठेवतो. पैसे नसतील तर काढणी दोन दिवस पुढे ढकलतो. काढणी झाली की चार दिवस वावरात नांगर घालत नाही, ज्याला सरवा वेचायचा त्याने वेचावा. आणि मार्केटला वक्कल लावताना वर मोठा कांदा आणि खाली गोल्टी असं करत नाही. पूर्वी मी ते केलंय. आता मोठा, मध्यम आणि गोल्टी वेगवेगळी नेतो. भाव दर वेळी जास्त मिळतो असं नाही, पण ट्रॉली उलटताना छातीत धडधड होत नाही.

मी फार धार्मिक झालोय असं समजू नका. परवाच पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याशी भांडलो. उद्या जाऊन बोलायचंय.

यंदाही मावशी आल्या होत्या. पैसे मोजले, पदराला बांधले आणि म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात चाळ भरायला बोलवा, दादा."

तुमच्याकडे काढणी रोजाने असते की उक्ती? आणि मजुरी कधी देता, त्याच दिवशी की बाजारच्या वारी? कमेंटमध्ये सांगा.