चुन्याची डबी

कोन्याक कंदाच्या पिठाची जपानी वडी, म्हणजे कोन्याकू, तिला मी बरीच वर्षं अन्नच मानत नव्हते. पाककलेच्या वर्गात मुलींना सांगायचे, शंभरात सत्त्याण्णव भाग पाणी आणि उरलेला नुसता चोथा. हे डाएटवाल्यांचं खूळ. ते माझं चुकलं. कधी हातात न घेताच मी हे बोलत आले, याची खंत जास्त आहे.

मागच्या पावसाळ्यात भाचीने त्या कंदाचं पीठ आणून दिलं. लिटरभर पाण्यात 30 ग्रॅम पीठ घोटलं, तासभर मुरू दिलं. झाला चिकट लगदा. त्याचा गोळा उकळत्या पाण्यात सोडला, तर पसरून गेला. दुसऱ्या खेपेला चिमूटभर खायचा चुना पाण्यात कालवून घातला. लगदा आळला, माशासारखा वास सुटला. थापून वड्या पाडल्या, अर्धा तास उकळल्या आणि आमटीत सोडल्या. उकळत्या आमटीत चायना ग्रासची वडी विरघळली असती. या वड्या तशाच राहिल्या, कडासुद्धा झिजल्या नाहीत.

या कंदातला तंतू म्हणजे ग्लुकोमॅनन. त्याच्या लांब साखळ्यांना अॅसिटिलचे बारीक गट चिकटलेले असतात, म्हणून त्या एकमेकींना बिलगत नाहीत. चुन्याने ते गट गळतात, साखळ्या गुंततात, आणि ती वीण आचेने उसवत नाही.

मग वाचायला बसले. हा कंद आपल्या सुरणाचा आणि शेवळ्याचा सख्खा भाऊबंद, कच्चा तसाच खाजरा. (सुरणात पिठूळपणाच जास्त, त्याची अशी वडी होत नाही.) जपानातल्या गुनमाच्या डोंगराळ भागात थंडीपूर्वी कंद खणून घरात जपायचे, वसंतात पुन्हा लावायचे, अशी तीनेक वर्षं निगा करून तो पिठाला येतो. माझी आजी आमसुलाने सुरणाची खाज मारायची, कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवायची. तिच्या तोडीचं कसब मी खूळ म्हणून मोकळी झाले होते.

एक आक्षेप मात्र कायम आहे. छोट्या कपातली कोन्याक जेली मुलांना देऊ नये. ती तोंडात विरघळत नाही, घशात अडकते. मुलं दगावलेली आहेत. युरोपीय संघाने 2003 मध्ये जेलीच्या मिठायांत कोन्याक वापरायची परवानगीच काढून घेतली.

आता वर्गात चुन्याची डबी नेते. आधी बिनचुन्याचा गोळा उकळत्या पाण्यात सोडून दाखवते, मग दुसरा. वड्या बारीक चिरूनच मुलींच्या हातावर ठेवते.